ट्रेडिंग अकाउंट उघडण्याआधी ब्रोकरचा चार्ट कसा तपासायचा?

एकाच शेअरचा, एकाच दिवसाचा चार्ट दोन ॲपवर उघडला आणि एकात आरएसआय ६८, दुसऱ्यात ७३ दिसला, तर चुकलं कोणाचं? आरएसआय म्हणजे भावाच्या चढ-उताराचा जोर मोजणारा आकडा. तो ७० च्या वर गेला की शेअर जास्तच चढला, असं मानण्याची पद्धत आहे. म्हणजे एक ॲप म्हणतं सांभाळा, दुसरं म्हणतं अजून जागा आहे. नव्या माणसाला वाटतं, यातलं एक बिघडलंय. बहुतेक वेळा दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर असतं, फक्त गणिताला पुरवलेला माल वेगळा असतो.

अकाउंट उघडताना लोक ब्रोकरेज बघतात, ॲपला किती स्टार मिळालेत ते बघतात आणि चार्टच्या बाबतीत ‘शंभरहून अधिक इंडिकेटर’ या ओळीवर समाधान मानतात. त्या शंभरातले नव्वद कोणी कधी उघडतही नाही. इंडिकेटर म्हणजे आरएसआयसारखं, भावांवरून काढलेलं मोजमाप. तपासायचं असतं ते त्याच्या खाली काय आहे ते. त्यासाठी पदवी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. एखादी निवांत संध्याकाळ आणि बाजार चालू असतानाचा तासभर पुरतो.

## चित्र एकाचं, आकडे दुसऱ्याचे

ब्रोकरच्या पडद्यावरचा चार्ट दोन गोष्टींचा बनलेला असतो. एक म्हणजे रेघा आणि कॅन्डल काढणारं सॉफ्टवेअर. दुसरं म्हणजे त्यात येऊन पडणारे भाव, ज्याला फीड म्हणतात. चित्र काढणारं सॉफ्टवेअर बरेच ब्रोकर स्वतः बनवत नाहीत, तयार घेतात. ट्रेडिंगव्ह्यू २०११ पासून आहे आणि त्याची चार्टची खिडकी कितीतरी ब्रोकरच्या ॲपमध्ये बसवलेली दिसते. चलनांच्या व्यवहारात मेटाट्रेडर ४ (२००५) आणि मेटाट्रेडर ५ (२०१०) यांचं राज्य आहे. त्यामुळे दोन ब्रोकरचे चार्ट जुळ्या भावंडांसारखे दिसले, तरी आतले आकडे एकच असतील याची हमी नाही. ‘आमच्याकडे अमुक कंपनीचा चार्ट आहे’ असं ब्रोकर सांगतो, तेव्हा तो फक्त चित्राबद्दल बोलत असतो.

कॅन्डल म्हणजे ठरावीक वेळेतले चार भाव: सुरुवातीचा, सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि शेवटचा. यातला एक जरी भाव इकडचा तिकडे झाला तरी कॅन्डलचा आकार बदलतो, आणि तिच्यावर उभा केलेला प्रत्येक इंडिकेटर थोडाथोडा हलतो.

## माहीत असलेलं वजन ठेवून बघा

वजनाचा काटा खरा आहे की नाही हे बघायला त्यावर आधीच माहीत असलेलं वजन ठेवतात. चार्टचंही तसंच आहे. आजच्या भावाकडे बघून काही कळत नाही, कारण खरं उत्तर आपल्यालाच ठाऊक नसतं. म्हणून जुन्या, सगळ्या जगाला माहीत असलेल्या दिवसांवर जा.

ॲपलच्या शेअरचं उदाहरण घेऊ. २८ ऑगस्ट २०२०, शुक्रवारी तो सुमारे ४९९ डॉलरवर बंद झाला. सोमवारी, ३१ ऑगस्टला एका शेअरचे चार झाले, म्हणजे स्प्लिट झाला, आणि त्या दिवशीचा बंद भाव सुमारे १२९ डॉलर होता. कोणाचंही नुकसान झालं नाही, हातातले शेअर चौपट झाले. आता ब्रोकरच्या चार्टवर तो शुक्रवार शोधा. ४९९ दिसत असेल आणि पुढे सरळ कडा कोसळल्यासारखी घसरण असेल, तर जुने भाव स्प्लिटनुसार बदललेलेच नाहीत. अशा चार्टवरची २०० दिवसांची सरासरी त्यानंतर कित्येक महिने निरुपयोगी. १२५ च्या आसपास दिसत असेल तर स्प्लिट धरलाय. त्याहूनही काही डॉलर कमी दिसत असेल तर बहुधा लाभांशसुद्धा जुन्या भावातून वजा केलाय. एका तारखेवरून तिन्ही गोष्टी कळतात.

जाता जाता त्याच दिवसाची उलाढालही बघा. भाव चारने भागला असेल तर शेअरची संख्या चारने गुणलेली हवी. भाव दुरुस्त करून उलाढाल तशीच सोडली असेल, तर चार्टवर असं वाटेल की स्प्लिटनंतर लोक एकदम त्या शेअरवर तुटून पडले.

लाभांश वजा करणं चूक की बरोबर? दोन्ही चालतं. वीस वर्षांचा खरा परतावा बघायचा असेल तर वजा केलेला चार्ट हवा. ‘अमुक भावाला शेअर तीनदा अडला होता’ असं बघायचं असेल तर प्रत्यक्ष व्यवहार झालेले भाव हवेत, कारण लोकांच्या लक्षात तेच आकडे असतात. चार्टमध्ये हे चालू-बंद करायची सोय असली तर उत्तम. आपण कोणता प्रकार बघतोय हेच कळत नसेल, तर मात्र तो चार्ट कामाचा नाही.

दुसरी तारीख ६ मे २०१०. त्या दुपारी अमेरिकी बाजार काही मिनिटांत कोसळला आणि सावरला. ॲक्सेंच्युअरचा शेअर ४० डॉलरच्या आसपासून चक्क एका सेंटपर्यंत गेला. ते सौदे नंतर रद्द झाले. तुमच्या चार्टवर त्या दिवशीचा तळ किती दिसतो? एक सेंट दिसला तर डेटा कोणी झाडूनपुसून घेतलेला नाही, आणि अशा एकेका चुकीच्या ठिपक्यावर तुमची ट्रेंडलाइन, म्हणजे तळ किंवा शिखरं जोडणारी रेघ, टेकू शकते.

तिसरी तारीख २० एप्रिल २०२०. अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा त्या दिवशी उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. म्हणजे विकणारा वर पैसे देत होता. भाव शून्याखाली जाईल अशी कल्पनाच काही प्रणाल्या लिहिणाऱ्यांनी केली नव्हती आणि तेव्हा त्यांची तारांबळ उडाली. तुमच्या ब्रोकरच्या तेलाच्या चार्टवर मात्र त्या दिवशी २० डॉलरच्या आसपासचा भाव दिसू शकतो, कारण तो चार्ट जूनच्या वायद्यावर बेतलेला असेल. खोटं काही नाही, पण ‘तेल’ एवढंच नाव लिहिलेल्या चार्टमागे नेमका कोणता वायदा आहे, महिना संपताना एकाला दुसरा कसा जोडला जातो, हे कुठे लिहिलंय का ते बघा. (लॉग पट्टीवर, म्हणजे सारख्या टक्क्यांचा बदल सारख्या उंचीने दाखवणाऱ्या चार्टवर, तो दिवस दाखवताच येणार नाही, कारण उणे संख्येचा लॉगॅरिदम निघत नाही. तिथे चार्ट काय करतो हे बघणंही गंमतीचं असतं.)

## मग तो ६८ आणि ७३ चा घोळ?

आरएसआय हे मोजमाप वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलं. मागच्या काही दिवसांत चढाचा जोर जास्त होता की उताराचा, हे ते ० ते १०० च्या पट्टीवर सांगतं. नेहमीचा हिशोब १४ दिवसांचा. इथे बहुतेकांना वाटतं की १४ दिवसांचा आरएसआय म्हणजे फक्त शेवटचे १४ दिवस. तसं नसतं. वाइल्डर यांच्या पद्धतीत रोजची नवी सरासरी काढताना कालच्या सरासरीला १३ ने गुणून त्यात आजचा आकडा मिळवतात आणि १४ ने भागतात. म्हणजे कालच्या सरासरीत परवाची, परवाच्या सरासरीत तेरवाची, असं जुनं सगळं थोडंथोडं झिरपत राहतं. सुरुवातीच्या आकड्याचा वाटा १४ कॅन्डलनंतरही जवळपास ३५ टक्के उरतो, ५० कॅन्डलनंतर अडीच टक्क्यांच्या घरात येतो आणि १०० नंतर नगण्य होतो.

आता समजा एका ॲपने पडद्यावर दिसतात तेवढ्याच ४० कॅन्डल मागवल्या आणि दुसऱ्याने मागून ५०० घेतल्या. दोघांचं सूत्र तेच, सेटिंग १४ च, तरी आकडे वेगळे येणार. त्यातच काही ठिकाणी वाइल्डर यांच्या सरासरीऐवजी साधी सरासरी वापरतात. मग फरक आणखी वाढतो.

तपासणी सोपी आहे. दिवसाच्या चार्टवर आरएसआय लावा, आजचा आकडा टिपून ठेवा. मग चार्ट मागे ओढत न्या, चार-पाच वर्षं लोड होऊ द्या आणि पुन्हा आजचा आकडा बघा. बदलला असेल तर हे ॲप अपुऱ्या कॅन्डलवर हिशोब करतंय. हीच गोष्ट एमएसीडीची, म्हणजे दोन सरासरींमधला फरक दाखवणाऱ्या इंडिकेटरची, कारण त्यातल्या १२ आणि २६ दिवसांच्या सरासरीही अशाच झिरपणाऱ्या असतात.

आणखी दोन ठिकाणी नवखे फसतात. हायकिन-आशी नावाच्या कॅन्डल दिसायला सुबक आणि शांत असतात, कारण त्या सरासरीच्या असतात. त्यांवर दिसणाऱ्या भावाला प्रत्यक्षात सौदा झालेला असेलच असं नाही. चार्टच्या कोपऱ्यात खरा भाव वेगळा दाखवतात का, बघा. दुसरं म्हणजे शिखरं आणि तळ रेघेने जोडणारे झिगझॅगसारखे इंडिकेटर. त्यांचा शेवटचा टप्पा नवीन भाव आला की जागा बदलतो. जुन्या चार्टवर त्याने प्रत्येक शिखर अचूक पकडलेलं दिसतं, कारण ते शिखर नंतर खुणावलेलं असतं. बऱ्याच जाहिरातींमधले चार्ट याच जातीचे.

## दिवस कुठे संपतो?

शेअर बाजाराची घंटा वाजते आणि दिवस संपतो. चलनांचा बाजार मात्र सोमवार ते शुक्रवार अखंड चालू असतो आणि त्याला एकच एक केंद्रीय बाजारपेठ नाही. तिथे दिवस कधी संपवायचा हे चार्ट पुरवणारा ठरवतो. न्यूयॉर्कच्या संध्याकाळच्या पाचला दिवस संपवला तर आठवड्याच्या पाच कॅन्डल होतात. ग्रीनिच वेळेच्या मध्यरात्रीला संपवला तर रविवारच्या थोड्या तासांची एक किरटी सहावी कॅन्डल येते, कारण पूर्वेकडे सोमवार उजाडून बाजार उघडतो तेव्हा ग्रीनिचला अजून रविवारची रात्र असते.

एवढ्याने काय बिघडतं? २०० कॅन्डलची सरासरी पहिल्या चार्टवर ४० आठवड्यांची असते, दुसऱ्यावर ३३ आठवड्यांची. नाव एकच, रेघ वेगळी. रविवारची कॅन्डल सोमवारच्या आधी मध्येच आल्यामुळे दोन-तीन कॅन्डलचे पॅटर्नही दुसऱ्या चार्टवर मोडतात किंवा नसलेले उगवतात. म्हणून महिन्याभराचा चार्ट उघडा आणि एका आठवड्यातल्या कॅन्डल बोटाने मोजा.

शेअरमध्ये हाच प्रश्न तासाच्या कॅन्डलला येतो. अमेरिकी बाजार साडेसहा तास चालतो, भारतातला सव्वासहा. तासाने भाग जात नाही. उरलेला अर्धा किंवा पाव तास कुठे टाकलाय, सुरुवातीला की शेवटी, ते बघा. तसंच बंद भावाचं. भारतात वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी हा अधिकृत बंद भाव धरला गेला, तर बऱ्याच बाजारांत तो लिलावातून ठरतो. चार्ट मात्र कधी अधिकृत भाव दाखवतो, कधी शेवटच्या सौद्याचा.

## चार्टवर भाव लागलाच नाही, तरी स्टॉपलॉस कसा उडाला?

स्टॉपलॉस म्हणजे तोटा ठरावीक भावाला थांबवण्यासाठी आधीच लावून ठेवलेली ऑर्डर. ही तक्रार तर सनातन आहे, आणि तिच्यामागे दरवेळी ब्रोकरची लबाडी असतेच असं नाही.

बाजारात एका क्षणी दोन भाव असतात. आपण विकायला गेलो तर मिळणारा तो बिड, आणि घ्यायला गेलो तर द्यावा लागणारा तो आस्क. आस्क नेहमी थोडा वर. मेटाट्रेडर ४ चा चार्ट बिडवर काढलेला असतो. समजा तुम्ही युरो-डॉलर विकलाय आणि स्टॉपलॉस १.१०५० ला लावलाय. विकलेला सौदा बंद करायचा म्हणजे खरेदी करायची, म्हणजे तुमचा स्टॉपलॉस आस्कवर चालतो. चार्टवरचा उच्चांक दिसतो १.१०४९. त्या क्षणी दोन भावांतलं अंतर ०.०००२ असेल तर आस्क १.१०५१ ला पोचलेला असतो. सौदा उडाला, आणि चार्ट शपथेवर सांगतो की भाव तिथे गेलाच नाही. मोठी बातमी येते किंवा मध्यरात्री बाजार पातळ असतो तेव्हा हे अंतर कैक पटींनी वाढतं.

म्हणून अकाउंट उघडण्याआधीच विचारा: चार्ट बिडचा, आस्कचा, मधल्या भावाचा की झालेल्या सौद्यांचा? दोन्ही रेघा एकदम दाखवता येतात का? जुन्या कॅन्डलही आस्कवर बघता येत असतील तर फारच छान. तशी सोय कमी ठिकाणी मिळते, पण वाद झाला तर तीच उपयोगी पडते.

चलनांच्या चार्टवरची ‘उलाढाल’सुद्धा इथेच समजून घ्या. केंद्रीय बाजार नसल्याने एकूण उलाढाल कोणालाच दिसत नाही. तिथे बहुतेकदा त्या वेळेत भाव किती वेळा बदलला, याची मोजणी दाखवतात, आणि तीही त्या एका ब्रोकरच्या फीडपुरती.

## बाजार चालू असताना करायची चाचणी

जुन्या तारखा तपासणं हे घरबसल्याचं काम. चालू बाजारातली एक चाचणी मात्र चुकवू नका. एक मिनिटाचा चार्ट लावा. एखादी कॅन्डल पूर्ण झाली की तिचे चारही भाव कागदावर लिहा. मग पान रीफ्रेश करा आणि तीच कॅन्डल पुन्हा बघा. उच्चांक वाढला किंवा तळ खाली गेला असेल, तर जिवंत फीडमध्ये सगळे सौदे येतच नाहीत, मधूनमधून एखादा भाव उचलून पाठवला जातोय, आणि पूर्ण माहिती नंतर भरली जातेय. दिवसाच्या चार्टवर काम करणाऱ्याला याने फारसा फरक पडत नाही. मिनिटांवर सौदे करणाऱ्याने असा ब्रोकर सोडून द्यावा.

ही चाचणी गर्दीच्या वेळी घ्या. बाजार उघडल्यावरची पहिली दहा मिनिटं चालतील. अमेरिकेच्या रोजगाराचे आकडे साधारण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला येतात, तीही वेळ चांगली. शांत दुपारी सगळेच चार्ट पळतात.

अलर्टचंही विचारून घ्या. तो ब्रोकरच्या सर्व्हरवर चालतो की तुमच्या यंत्रावर? यंत्रावर चालत असेल तर ॲप बंद केलं की अलर्टही झोपतो. आणि वेबवर काढलेल्या रेघा मोबाइलवर दिसतात का, एवढं एकदा बघून घ्या.

## ‘मी चार्ट दुसरीकडेच बघतो, मग ब्रोकरचा कशाला तपासू?’

अनेक जण असंच करतात आणि त्यात गैर काही नाही. पण सौदा होतो ब्रोकरच्या भावाने. शेअर बाजारात एकाच एक्स्चेंजवरचे भाव बघत असाल तर फरक किरकोळ. चलनं आणि सीएफडी म्हणजे केवळ भावाच्या फरकावर होणारे करार यांत मात्र ब्रोकरचं फीड हाच तुमच्यापुरता बाजार. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसमोरची १.२० फ्रँकची मर्यादा अचानक काढली. त्या काही मिनिटांतला तळ वेगवेगळ्या फीडवर वेगवेगळा नोंदला गेला. त्या दिवशी सौदा असलेल्या माणसाला दुसऱ्या संकेतस्थळावरचा तळ दाखवून काही उपयोग नव्हता. दोन्ही चार्ट शेजारी ठेवून अशा दिवसांची तुलना केली की आपला ब्रोकर ताणाच्या वेळी कसा वागतो याचा अंदाज येतो.

## ‘परवाना असलेला ब्रोकर आहे, म्हणजे चार्ट बरोबरच असणार ना?’

नियामक संस्था तुमचे पैसे वेगळे ठेवलेत का, माहिती लपवली का, तक्रारींचं काय झालं, हे बघतात. आरएसआय किती कॅन्डलवर काढला, हे कोणी येऊन तपासत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा, कारण ती जास्त महाग पडते. चार्ट अचूक आहे म्हणून ब्रोकर खरा ठरत नाही. खोटी ट्रेडिंग ॲप बाजारातले खरेच भाव दाखवू शकतात. बनावट असते ती अकाउंटमधली शिल्लक आणि फुगलेला नफा. म्हणून पहिल्यांदा नियामकाच्या स्वतःच्या यादीत नोंदणी क्रमांक शोधा, ॲपमधल्या दुव्यावरून नव्हे. तिथे नाव नसेल तर इथली एकही चाचणी घ्यायची गरज नाही.

## ‘चार्ट बघून पैसे मिळतात का मुळात?’

यावर मतभेद आहेत आणि ते मिटायची चिन्हं नाहीत. आकडे मात्र गार करणारे आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जण तोट्यात होते. युरोपच्या नियामकाने २०१८ मध्ये सीएफडीबद्दल सांगितलेला तोट्यातल्या खात्यांचा आकडा ७४ ते ८९ टक्के होता. यातले बहुतेक जण कुठला ना कुठला चार्ट बघतच असणार. चांगला चार्ट तोटा टाळत नाही. मात्र तुमची पद्धत चुकली की मोजमाप चुकलं, हे त्यामुळे वेगळं सांगता येतं. वर्षातून दोनदा शेअर घेऊन विसरून जाणाऱ्याने तर स्प्लिट आणि लाभांशापुरतं बघितलं तरी पुरे.

## अकाउंट नसताना हे सगळं बघणार कसं?

बरेच ब्रोकर डेमो अकाउंट देतात. त्यात दोन गोष्टी विचारून घ्या: डेमोचं फीड खऱ्या अकाउंटचंच आहे का, आणि भाव १५ मिनिटं उशिराचे तर नाहीत? डेमोमध्ये सौदे हव्या त्या भावाला चटकन होतात, त्यावर जाऊ नका. आपण चार्ट तपासायला आलोय.

डेमो नसेल तर ग्राहक सेवेला लेखी प्रश्न पाठवा. जुने भाव स्प्लिट आणि लाभांशानुसार बदललेले आहेत का, चार्ट कोणत्या भावावर काढलाय, मिनिटांच्या कॅन्डल किती मागपर्यंत मिळतात, आणि डेटा फाइलमध्ये उतरवून घेता येतो का? शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. फाइल हातात आली की कोणताही इंडिकेटर स्प्रेडशीटमध्ये स्वतः काढून ताडून बघता येतो, आणि पुढे ब्रोकर बदलला तरी नोंदी आपल्यापाशी राहतात. उत्तरादाखल तुम्हाला पुन्हा ‘शंभरहून अधिक इंडिकेटर’वालं माहितीपत्रकच आलं, तर यादीतला पुढचा ब्रोकर बघा.